पिनेवर थांबलेली शाल

मी एक जुनी लोकरीची शाल आहे. जुनी म्हटलंत तर राग नाही, पण फाटकी म्हणाल तर आधी स्वतःच्या सदऱ्याची कोपरं बघून या. माझा एकही टाका तुटलेला नाही. राहिली आहे ती फक्त शेवटची गाठ. माझ्या एका कोपऱ्यावर लोकरीचा एक उघडा फास आहे आणि तो सुटू नये म्हणून त्यात एक सेफ्टी पिन अडकवलेली आहे. त्या पिनेला आता गंज धरू लागला आहे. मित्रांनो, माझा जीव त्या पिनेत आहे.

तुम्हांला वाटेल, म्हातारी उगाच घाबरवते. तसं नाही. दोन सुयांवर विणलेल्या स्वेटरचे टाके सुईवर ओळीने बसलेले असतात. एक घसरला तरी बाकीचे तग धरतात. मी क्रोशाची. क्रोशाची सुई एकच, तिच्या टोकाला आकडा, आणि आकड्यात एका वेळी एकच फास. तो मोकळा झाला आणि कुणी दोरा ओढला, की उताराला लागलेल्या हातगाडीसारखी मी उसवतच जाते. ओढणाऱ्याला 'थांब' म्हणायला मला तोंड नाही, आणि त्याचा हात धरायला मला हात नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या घरात झाला. खाली रस्त्याला लागून कपडे शिवायचं दुकान होतं. मागच्या अरुंद जिन्याने वर गेलं की दोन खोल्या. दिवसभर खालून शिलाईच्या मशीनची घरघर वर यायची आणि जिन्यातून इस्त्रीचा उबट वास. पुढच्या खोलीत रस्त्यावर उघडणारी मोठी खिडकी होती, खिडकीशी एक लाकडी आरामखुर्ची होती आणि त्या खुर्चीत थोरली बसायची.

थोरली म्हणजे शिंप्याची आई. गल्लीतली माणसं तिला तोंडावर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागे 'कात्री'. तिला दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हींचा अभिमान होता. शाळेत ती जेमतेम अक्षरं गिरवण्यापुरती गेली होती. पण तिच्यापुढून चुकीची शिवण घेऊन कुणी खाली गेला आहे, असं कधी झालं नाही. त्या घरात एक रीतच होती. कुणी काहीही शिवो, काहीही विणो, शेवटची गाठ थोरली मारणार आणि त्यावर कात्रीही तीच लावणार. तिच्या आधी कुणी गाठ मारली तर ती सरळ उसवायची. कपडा हातात आला की पहिल्यांदा ती तो उलटा करायची. "वरून सगळेच गोरे असतात," ती म्हणायची, "आतून बघावं."

मित्रांनो, हे वाक्य तेवढं लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

मी शाल होण्याआधी एक गुंडा होते. चांगला भोपळ्याएवढा. माझी लोकर साधी नव्हती, आपला आपण रंग बदलणारी होती. वरचं टोक काळपट जांभळं, मग हळूच निळं, मग राखाडी, पुढे फिकट पिवळं, आणि अगदी पोटात शेंदरी. रात्र सरून उजाडावं तशी. कुठे एक रंग संपला आणि दुसरा लागला ते बोट ठेवून सांगता यायचं नाही. दुकानदाराने मला थोरलीच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "बाई, रंग बदलायचं काम लोकरच करेल. तुम्ही नुसतं विणत राहायचं."

"मग विणायचंही तिलाच सांग ना," थोरली म्हणाली, "मी घरी जाऊन पाय पसरते."

मी तिच्या पिशवीत पडले तेव्हाच मला कळलं, की आपली गाठ कुणाशी आहे.

ती मला तिच्या लेकीसाठी विणत होती. लेक दूरच्या शहरात एका शीतगृहात माल मोजायला होती. "माझी पोर बर्फात उभी असते," असं थोरली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पायाची साखळी घालून झाली, तिच्यावर खांबांच्या, म्हणजे उभ्या टाक्यांच्या ओळी चढू लागल्या. तिचा हात घट्ट होता. माझ्यातून वाराही परवानगी मागून जाईल, असा. ओळ संपली की ती मला उलटी करून बघायची, आणि मी मनातल्या मनात ताठ व्हायचे.

सून कधी चहा घेऊन यायची आणि माझ्याकडे बघत उभी राहायची. सून म्हणजे शिंप्याची बायको. खाली दुकानात काजं-बटणं करायची. अबोल बाई, पण डोळ्यांत हौस होती.

"आई, एखादी ओळ मी घालू?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"तुझा हात म्हणजे उन्हाळ्यातली चादर," थोरली म्हणाली. "इकडून बघितलं की तिकडचं दिसतं. हिला कुणी हात लावायचा नाही. ही माझ्या लेकीची आहे."

सून कप उचलून निघाली. दारातून वळून म्हणाली, "मग एखादी स्वतःसाठीसुद्धा विणा. खिडकीत बसता. थंडी वाढतेय."

"मला कसली थंडी? थंडी म्हाताऱ्यांना वाजते! आणि ती खिडकी कुणी लावली तर याद राखा. बंद खोलीत माणूस आंबतो."

शब्द कसे असतात बघा. तोंडातून निघाले की ते बोलणाऱ्याचे राहत नाहीत. घरातल्या भिंतींवर खिळ्यासारखे बसतात, आणि मग त्याच खिळ्यांना सगळं घर टांगलेलं राहतं.

जांभळा संपला, निळा संपला, राखाडी संपत आला होता. एका दुपारी थोरलीने सुईवर दोरा घेतला, फासातून ओढायला आकडा वळवला, आणि एकाएकी माझ्यावरचा ताण गेला. दोरा सैल पडला. सुई तिच्या बोटांतून निसटून फरशीवर वाजली. मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. पण तिचं सगळं अंग उजवीकडे कलत होतं आणि तोंडातून एक आवाज येत होता, ज्यात शब्द नव्हता.

मी तिच्या मांडीत होते. सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं. खाली मशीन घरघरत होतं. मी काय करणार?

सून कपडे घेऊन वर आली तेव्हा तिने पाहिलं. मग धावपळ झाली, मुलाने आईला उचललं, कुणाच्या तरी पायात अडकून माझा दोरा तुटला, गुंडा खाटेखाली गेला. सगळे गेल्यावर मी फरशीवर पडून होते, माझा शेवटचा फास उघडा होता. रुग्णालयातून सून कपडे न्यायला घरी आली, तेव्हा तिने मला पाहिलं. त्या घाईतही तिने स्वतःच्या खांद्यावरची सेफ्टी पिन काढली आणि माझ्या फासात घातली. तीच ही पिन.

थोरली घरी परत आली, पण अर्धीच आली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि जीभ गेली. ज्या जिभेला सारी गल्ली वचकून होती, तिच्यातून आता नुसतं 'हं…' असं काहीतरी निघायचं. समज मात्र शाबूत होती. त्यात तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. त्यामुळे तिने कुणाकडे नुसतं बघितलं तरी नाक मुरडल्यासारखं वाटायचं. साधं पाणी मागायचं असलं, तरी चेहरा सांगायचा, 'हे काय आणलंस?'

घरची माणसं वाईट नव्हती हो. उलट इतकी चांगली, की तिचा शब्द कुणी मोडला नाही. तिला आवडते म्हणून आरामखुर्ची खिडकीशीच ठेवली. खिडकी उघडी ठेवली. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, गार वारं येतंय, लावा की ती." तर मुलगा म्हणाला, "नको. आईला बंद खोली चालत नाही. ओरडेल." जिला ओरडता येत नव्हतं, तिच्या ओरडण्याला सगळं घर भीत होतं.

मांडीवर पांघरूण असायचं. खांदे मात्र उघडे. जुनं स्वेटर द्यायला गेलं की तिचं तोंड तसं दिसायचं, आणि माणसं ते स्वेटर घडी करून परत ठेवायची. मुलगा रोज खालून येऊन तिचा उजवा हात चोळायचा, तेल लावायचा. लुळा हात गारच असतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. डावा हात बरा होता, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मित्रांनो, जे अंग बरं असतं ना, त्याची चौकशी कुणी करत नाही.

थोरलीला थंडी वाजत होती. एवढंच होतं सगळं. एवढंसंच.

इकडे सुनेच्या मनात वेगळंच चाललं होतं. हिवाळा सरता सरता लेक येणार होती. तोवर शाल पुरी करायची, आईंच्या पुढ्यात ठेवायची. शेवटची गाठ त्यांनी मारावी, मग त्यांना बरं वाटेल, असं तिला वाटत होतं. दुपारी दुकान जरा थंडावलं की ती स्वयंपाकघरात ओट्याशी बसायची आणि मला मांडीवर घ्यायची. खाटेखालच्या गुंड्याचा तर पार गुंता झाला होता. तिने तो बसून सोडवला आणि नवा गुंडा गुंडाळला. पण गुंडाळायला सुरुवात केली ती तुटलेल्या टोकापासून. ते टोक गेलं गुंड्याच्या पोटात, आणि पोटातला शेंदरी आला बाहेर. तिने तोच माझ्या राखाडीला जोडला. रात्र सरली न सरली तोच भर दुपार. मला उजाडलंच नाही.

मी ओरडून सांगितलं असतं, बाई गं, गुंडा उलटा झालाय, परत एकदा गुंडाळ, की झालं. कुणाला ऐकू जाणार?

थोड्या ओळी झाल्यावर तिने मला थोरलीच्या मांडीवर ठेवलं. हात जोडल्यासारखी उभी राहिली. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला, मला मुठीत धरलं आणि वर ओढलं. जोराने. छातीशी. तोंडातून आवाज आला, "हं… हं…"

मला तिचं बोट लागलं. दगडासारखं गार.

"रंग चुकला," सून पुटपुटली. तिला आता दिसलं. "शेंदरी आधी आला. आई, मी उसवते. रागावू नका."

तिने माझा कोपरा त्या मुठीतून एकेक बोट सोडवून काढला. बोटं सोडवताना तिला तो गारवा लागला नसेल का? लागला असेल. पण भ्यालेल्या माणसाचे स्वतःचेच हात गार असतात.

तिने उसवलं. गुंडा पुन्हा गुंडाळून सरळ केला. आता राखाडीनंतर पिवळा आला, अगदी थोरलीने विणला असता तसा. मी खूश होते. दुसऱ्यांदा मला त्या मांडीवर ठेवलं, आणि थोरलीने मला तसंच धरलं, तसंच ओढलं. रंग बरोबर होता, तरी. या वेळी ती मला हनुवटीपर्यंत नेत होती.

"हात सैल पडलाय माझा," सून म्हणाली. तिचे डोळे भरले. "त्यांना तो दिसतोच. इकडून बघितलं की तिकडचं दिसतं."

पुन्हा उसवलं. माणसाला वाटतं, उसवणं म्हणजे नुसता दोरा मोकळा करणं. लोकर सगळं लक्षात ठेवते हो. ती वळ्यावळ्यांची होते, विटते, बारीक होते. सुनेने या खेपेला इतकं घट्ट विणलं, की तिच्या बोटाला सुईचा व्रण पडला. आणि थोरलीने मला ओढलंच. ओढता ओढता माझा सुटा दोरा तिच्या बोटात अडकला, फास निसटला आणि सुनेच्या डोळ्यांदेखत एक अख्खी ओळ उसवत गेली.

त्या दिवशी सून खाली गेली आणि नवऱ्याला म्हणाली, "माझा हात लागलेलाच त्यांना नको आहे. रंगाचं नाही नि घट्ट-सैलाचंही नाही. मी लावलेलंच नको."

शिंपी मशीन थांबवून म्हणाला, "अगं, आई पहिल्यापासून तशीच. तुला काय नवं आहे? ठेव ती शाल वर. ताई आली की बघू."

तिने आपलं सगळं विणलेलं पार राखाडीपर्यंत उसवलं, दोरा तोडून गुंडाळला, मला पिन लावली आणि कपाटावर ठेवलं. अगदी वर, पत्र्याच्या पेटीमागे. तिथून मला खिडकी दिसायची, खुर्ची दिसायची, आणि खुर्चीतून कपाटाकडे बघत बसलेले दोन डोळे. दिवसभर. सून जाता-येता म्हणायची, "नाही हो आई, नाही लावणार हात. तिथेच आहे, बघा." आणि त्या डोळ्यांतून पाणी आलं की म्हणायची, "वाऱ्याने येतंय." आणि खिडकी मात्र लावायची नाही.

शिंप्याचं घर, मित्रांनो. खाली गठ्ठ्याने कापड. गावाला कोट शिवून देणारी माणसं. आणि वर त्यांची आई कुडकुडत होती, आणि मी, जिला पांघरण्यासाठीच केलं, ती पेटीमागे धूळ खात होते.

मग लेक आली. जिन्यातूनच तिचा आवाज आला. तिचा गळा आईवर गेला होता.

"काय गं आई, मला बघून तोंड वाकडं करतेस? मी काय उधार मागायला आलेय?"

सून दचकली. पण थोरलीच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्या घरात तिला न भिणारी ती एकटीच होती. सुनेने कपाटावरून मला काढलं आणि खाली मान घालून म्हणाली, "वन्सं, ही तुमची. अर्धीच राहिली. मी पुरी करायला गेले, पण त्यांना माझ्या हातचं चाललं नाही."

"मला? शाल?" लेक हसत सुटली. "वहिनी, आम्हांला कंपनीचा कोट असतो, असा जाड. आत शिरलं की माणूस की पोतं, कळत नाही. शाल घेऊन गेले तर मशीनमध्येच अडकेल!" मग तिने मला झटकलं, स्वतःच्या खांद्यावर टाकून आईपुढे फिरून दाखवलं. "बघ, झाली तुझी शाल वापरून. दिसते ना मी राणी?"

थोरलीचा डावा हात उठला. मला धरलं. ओढलं.

"अगं, परत घेतेस? दिलेलं परत घेतेस? घे बाई, घे." लेकीने हसत हसत मला आईच्या अंगावर टाकलं. "दुखरी बाजू झाकू दे तेवढी." आणि मला उजव्या खांद्यावर नीट पसरून ती चहाला आत गेली.

उजव्या खांद्यावर. ज्याला ऊन कळत नव्हतं आणि वाराही. मी तिथे पडले. वीतभर अंतरावर तो दुसरा खांदा थरथरत होता आणि मला एक टाकासुद्धा सरकता येत नव्हतं.

सून मात्र आत गेली नव्हती. मी पुन्हा ओढली जाणार, पुन्हा उसवणार, म्हणून ती माझ्या पिनेकडे बघत उभी होती. म्हणून तिने पाहिलं. थोरलीचा डावा हात चाचपडत उजवीकडे गेला. त्याने मला धरलं आणि छातीवरून हळूहळू डावीकडे ओढत आणलं. मी डाव्या खांद्यापर्यंत पोचले नाही, मी अर्धीच ना. तेव्हा तिने माझं टोक गळ्याशी मुठीत आवळलं, मान माझ्यात खुपसली आणि डोळे मिटले.

सुनेने पुढे होऊन ती मूठ आपल्या हातात घेतली. उजवी नव्हे, डावी.

"अगं बाई," ती म्हणाली. एवढंच. मग ती वळली आणि तिने खिडकी लावली. त्या घरात ती खिडकी बंद झालेली मी पहिल्यांदा पाहिली. कडी लागत नव्हती, इतकी सवय मोडलेली.

लेक कप घेऊन बाहेर आली तर सून खुर्चीशी खाली बसून विणत होती. मला थोरलीच्या अंगावरून काढलंच नव्हतं. तिच्या अंगावरच, उजव्या खांद्यापासून पुढे, ओळीमागून ओळ. घाईत तिने गुंड्याचं पोटातलं टोक ओढलं होतं. राखाडीला लागून परत शेंदरी आला. कुणी पाहिलं नाही. सैल का घट्ट, तेही कुणी पाहिलं नाही. लेक दुसऱ्या बाजूला बसून दोरा सोडत राहिली, नाक ओढत राहिली आणि मध्येच म्हणाली, "इतके दिवस नुसती थंडी वाजत होती हिला? आणि आपण…" 

मी डाव्या खांद्यावर पोचले तेव्हा तिची थरथर थांबली. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी केलेलं काम म्हणाल, तर ते तेवढंच.

शेवटची ओळ झाली, गुंडाही संपला. सुनेने दोरा कापला नाही. रीत होती ना. टोक थोरलीच्या डाव्या हातात दिलं आणि म्हणाली, "आई, गाठ?"

एका हाताने गाठ बसत नाही. थोरलीने टोक धरलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि मग ते सुनेच्या हाताकडे सरकवलं. एकदा सरकवलं. पुन्हा सरकवलं. "हं… हं…"

ती म्हणत होती, 'तू मार.' मला स्वच्छ कळत होतं. माझ्या अंगावरच तो हात होता. जिने उभ्या जन्मात शेवटची गाठ कुणाला दिली नाही, ती देत होती.

सून म्हणाली, "बरं, बरं. आता नको. तुमचा उजवा हात सुधारला की तुम्हीच मारा. मी नाही मारणार हो, घाबरू नका." आणि तिने माझ्या फासात पिन घातली.

उरलेला हिवाळा थोरलीने माझ्यात काढला. पुढचा यायच्या आधी ती गेली. आता मी सुनेच्या खांद्यावर असते. तिचेही केस पिकले. कधी कुणी म्हणतं, "अहो, ती पिन टोचेल, एक गाठ मारून टाका की." तर ती म्हणते, "नाही, ती त्यांची आहे. माझ्या हातची त्यांना चालायची नाही."

मी तिच्या गळ्याशी असते. रोज सांगते. रोज.

मित्रांनो, जे माणूस गप्प झालं आहे, त्याच्या तोंडी त्याचेच जुने शब्द कोंबू नका. त्याचं वाकडं तोंड बघून घाबरू नका. त्याला उलटून आतून बघा, त्याचा बरा हात हातात घ्या. आणि कधी तुमच्या घरी अशी एखादी पिनेवर थांबलेली शाल निघाली, तर ती जपून ठेवू नका. पिन काढा, फास धरा आणि गाठ मारून टाका. त्याला दोन हात लागतात. ते कुणाचेही चालतात.